परक्याचे ताट : फ्रेंच रेस्टॉरंट आणि परंपरेचा शोध

फ्रान्समध्ये पहिल्यांदा गेलेला परदेशी माणूस बहुधा 'अस्सल' फ्रेंच जेवणाच्या शोधात असतो. काळ्या फळ्यावर खडूने त्या दिवसाचे पदार्थ लिहिणारे, पाटीवर 'परंपरागत स्वयंपाक' असे मिरवणारे एखादे लहानसे रेस्टॉरंट त्याला सापडते. तेथे तो पांढऱ्या रश्श्यातले वासराचे मांस किंवा मातीच्या भांड्यात शिजलेला घेवडा मागवतो, आणि आपण एका प्राचीन, अखंड जीवनपद्धतीच्या उंबरठ्याशी पोचलो असे त्याला वाटते. या समाधानामागे दोन गृहीतके असतात. एक, परंपरा तेथे आधीपासून होती आणि तो केवळ तिचा उशिरा आलेला साक्षीदार आहे. दुसरे, रेस्टॉरंट हे फ्रेंच घरातील स्वयंपाकघराचेच सार्वजनिक रूप आहे. फ्रेंच रेस्टॉरंटचा अडीचशे वर्षांचा इतिहास पाहू लागलो की ही दोन्ही गृहीतके डळमळू लागतात.

मुळात 'रेस्टॉरंट' हे जागेचे नावच नव्हते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो शब्द एका पदार्थाचा वाचक होता. मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवून काढलेला, अशक्त माणसाला पुन्हा उभे करणारा दाट अर्क म्हणजे रेस्टॉरंट. आजाऱ्याला पेज द्यावी त्याच भावनेने तो दिला जाई. १७६६च्या सुमारास पॅरिसमध्ये रोझ द शाँत्वाझो या उद्योगी गृहस्थाने असा अर्क विकण्याचे दुकान काढले, आणि हळूहळू पदार्थाचे नाव जागेला चिकटले. प्रचलित आख्यायिका वेगळी आहे. बुलांजे नावाच्या एका विक्रेत्याने १७६५मध्ये पांढऱ्या रश्श्यातले मेंढीचे पाय विकले, म्हणून स्वयंपाक्यांच्या संघाने त्याच्यावर खटला भरला, आणि तो खटला जिंकल्याने रेस्टॉरंटचा जन्म झाला, असे ती सांगते. अमेरिकन इतिहासकार रिबेका स्पँग यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की या खटल्याचा पुरावा दफ्तरात कोठेच मिळत नाही. संस्थेच्या जन्माचीच कथा अशी रचलेली निघावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रेस्टॉरंटच्या आधी परक्या माणसाने जेवायचे कोठे? सरायांमध्ये 'यजमानाचे टेबल' असे. आपल्या जुन्या खानावळीसारखीच त्याची रीत होती. वेळ ठरलेली, पंगत एक, समोर येईल ते सर्वांनी वाटून खायचे. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांना मानाची जागा आणि चांगला वाटा मिळे, नवख्याच्या वाट्याला उरलेसुरले येई. १८२५च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'रुचीचे शरीरशास्त्र' या ग्रंथात ब्रिया-साव्हारँ नेमके हेच सांगतो. १७७०च्या सुमारास पॅरिसमध्ये आलेल्या परदेशी माणसाला चांगले खाण्याचे मार्ग फारच थोडे होते, आणि सरायीतले जेवण सहसा वाईटच असे. ज्याची शहरात ओळख होती त्याला घरचे आमंत्रण येई. ज्याची नव्हती त्याचे हाल होत. रेस्टॉरंटने ही उणीव भरून काढली. स्वतंत्र टेबल, हवी ती वेळ, पदार्थांची यादी आणि प्रत्येकापुढे छापलेली किंमत. ओळखपाळख नसलेल्या माणसालाही येथे मान मिळू लागला. ज्याला शहरात घर नाही, अशा माणसाच्या गरजेतून ही संस्था वाढली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

ब्रिया-साव्हारँच्याच ग्रंथात बोव्हिलिए या नामांकित रेस्टॉरंटचालकाचे चित्र आहे. राज्यक्रांतीच्या आधी, १७८०च्या दशकात, त्याने आपले रेस्टॉरंट थाटले. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१४ आणि १८१५ साली रशियन, प्रशियन, ऑस्ट्रियन व इंग्रज फौजांनी पॅरिस व्यापले, तेव्हा त्याच्या दारासमोर सर्व राष्ट्रांच्या गाड्या उभ्या राहत. परकीय सेनाधिकाऱ्यांना तो ओळखत असे, आणि धंद्यापुरत्या त्यांच्या भाषाही त्याने शिकून घेतल्या होत्या. रणांगणावर हरलेले शहर जेत्यांना जेवणाच्या टेबलावर आपले ऐश्वर्य दाखवीत होते. हे अधिकारी मायदेशी परतले ते पॅरिसच्या जेवणाची कीर्ती घेऊनच. 'फ्रेंच जेवण' या कल्पनेच्या प्रसारात असा परक्या सैन्याचाही हात आहे. याच काळाशी आणखी एक दंतकथा जोडली जाते. घाईतल्या कोसॅक शिपायांनी 'लवकर' या अर्थाचा रशियन शब्द ओरडून वापरला आणि त्यातून 'बिस्त्रो' हा शब्द आला, असे म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मानत नाहीत. हा शब्द लिखित फ्रेंचमध्ये आढळू लागतो तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कोसॅक परतून दोन पिढ्या उलटल्यावर. तरीही ती कथा मरत नाही. परक्याचा या संस्थेशी काहीतरी मूलभूत संबंध आहे, ही जाणीव तिने आपल्या परीने जपली आहे, एवढे म्हणता येईल.

साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासात सर्वांत आकर्षक वाटावी अशी वस्तू म्हणजे पदार्थांची यादी, ज्याला आपण मेन्यूकार्ड म्हणतो. पॅरिसला आलेल्या आरंभीच्या प्रवाशांना तिने चकित केले. वर्तमानपत्राएवढा कागद, त्यावर दाट रकाने आणि शेकडो नावे. ही नावे शब्दकोशाच्या मदतीने कळत नाहीत. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर येथे अभिधा निरुपयोगी ठरते आणि सारे काम रूढ लक्षणेवर चालते. 'पारमाँतिए' असे लिहिले असेल तर पदार्थात बटाटा असणार, कारण अठराव्या शतकात त्या नावाच्या औषधशास्त्रज्ञाने बटाट्याचा प्रचार केला. 'क्रेसी' म्हणजे गाजर आणि 'फ्लोराँतीन' म्हणजे पालक. 'द्यु बारी' म्हणजे फुलकोबी, आणि त्या नावामागे पंधराव्या लुईची प्रेयसी उभी आहे. 'म्युनिएर' म्हणजे गिरणवालीच्या पद्धतीचे : मासा पिठात घोळवून लोण्यात परतलेला. गिरणीत पीठ असणारच, एवढाच त्यातला संकेत. ज्याला संकेत ठाऊक आहे त्याला आस्वाद, इतरांच्या वाट्याला कोडे. मात्र हे कोडे केवळ परदेशी माणसालाच पडत होते असे नाही. प्रांतातून आलेला फ्रेंच माणूस किंवा अचानक पैसा हाती आलेला व्यापारी त्या यादीपुढे तितकाच परका होता. ग्रिमो द ला रेनिएर याने १८०३पासून 'खवय्यांचे पंचांग' काढले ते अशाच नवख्या वाचकांना वळण लावण्यासाठी. पाकसमीक्षा हा वाङ्मयप्रकार जन्मला तोच मुळी वाचकाचे अज्ञान गृहीत धरून.

या यादीतील नावे नीट वाचली तर आणखी एक गोष्ट जाणवते. अभिजात फ्रेंच पाकशास्त्राच्या मूलभूत सॉसांची नावे 'स्पॅनिश', 'जर्मन', 'हॉलंडी' अशी आहेत. आज फ्रेंच शिष्टाचाराचा प्राण समजली जाणारी, पदार्थ एकामागून एक आणण्याची पद्धत खुद्द फ्रान्समध्ये 'रशियन पद्धत' म्हणून ओळखली जाई. जुन्या फ्रेंच रीतीत अनेक पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडले जात. एकोणिसाव्या शतकात रशियन रीत रुजली आणि तीच पुढे फ्रेंच ठरली. सर्वांत फ्रेंच समजल्या जाणाऱ्या 'बिफ्तेक'चे नाव इंग्रजी आहे. रोलाँ बार्थ यांनी १९५७च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात बिफ्तेक आणि तळलेले बटाटे यांवर स्वतंत्र टिपण लिहून हा पदार्थ राष्ट्रीयत्वाचे चिन्ह कसा बनला ते दाखवले. इंडोचायनातील युद्धात १९५४ साली पराभूत झालेल्या सेनानीने युद्धविरामानंतरच्या पहिल्या जेवणाला तळलेले बटाटे मागितले, या बातमीत बार्थ यांना एक राष्ट्रीय विधीच दिसला. मांसाच्या त्या तुकड्याचे नाव परके असणे त्या विधीच्या आड आले नाही.

याहून बोलके उदाहरण 'तेत द व्हो' म्हणजे उकडलेल्या वासराच्या डोक्याचे आहे. परदेशी माणसाच्या धैर्याची परीक्षा पाहणारा हा पदार्थ. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. प्रजासत्ताकवादी मंडळी त्या दिवसाची आठवण म्हणून २१ जानेवारीला वासराचे डोके खातात, आणि ही प्रथा आजही काही ठिकाणी पाळली जाते. याहून फ्रेंच काय असणार? पण फ्लोबेरच्या १८६९च्या 'भावनिक शिक्षण' या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात एक पात्र या प्रथेचा उलगडा करते, तेव्हा ती इंग्लंडहून आलेली आयात असल्याचे कळते. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ रोजी झाला, आणि त्या तिथीला इंग्लंडमधले राजद्रोही वासराची डोकी खात असत, असे सांगितले जाई. इंग्लंडमध्ये अशी मंडळे खरोखर होती, की विरोधकांनी उठवलेली ती कंडी होती, याविषयीही शंका घेतली गेली आहे. म्हणजे कदाचित एका देशातील अफवा दुसऱ्या देशात परंपरा बनली. फ्लोबेरने हा उलगडा कादंबरीच्या अगदी शेवटी, आयुष्य हातचे गेलेल्या दोन मित्रांच्या निरर्थक गप्पांत ठेवला, यातील उपरोध वेगळा सांगायला नको.

मग प्रांतांचे काय? पॅरिस बाजूला ठेवले, तर खेड्यापाड्यांत तरी मूळ परंपरा असणारच ना? अर्थातच होती, पण ती 'परंपरा' म्हणून ओळखली गेली ती स्थलांतरामुळे. १७८०च्या दशकात 'तीन प्रोव्हाँसाल बंधू' या नावाचे रेस्टॉरंट पॅरिसमध्ये निघाले. नावातले तिघे सख्खे भाऊ नव्हते. खारवलेल्या कॉड माशाचा ऑलिव्ह तेलात घोटलेला 'ब्रांदाद' आणि मार्सेयचे मत्स्यसूप 'बुइयाबेस' त्यांनी लोण्यावर वाढलेल्या राजधानीला चाखवले. पॅरिसकरांना हे दक्षिणेचे पदार्थ जवळजवळ परदेशीच होते. १८७१च्या पराभवानंतर आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला. तेथून पॅरिसला आलेल्या लोकांनी चालवलेल्या ब्रासेऱ्यांमध्ये बिअर आणि आंबवलेल्या कोबीचा 'शुक्रूत' मिळू लागला, आणि हरवलेल्या प्रांताची आठवण पानात वाढली जाऊ लागली. ओव्हेर्न्यच्या डोंगराळ भागातून पाणके आणि कोळसेवाले म्हणून आलेल्या लोकांनी कोळशाच्या वखारीतच दारूचा गुत्ता थाटला, आणि पुढे पॅरिसच्या कितीतरी कॅफे-बिस्त्रोंची मालकी त्यांच्याकडे गेली. गाव सोडून आलेल्या माणसाला गावच्या चवीचे नाव घ्यावे लागते. गावात राहणाऱ्याला ते नाव घेण्याचे कारण पडत नाही.

विसाव्या शतकात मोटारगाडीने हा प्रवास उलटा केला. मिशलँ या टायर कंपनीची मार्गदर्शिका १९०० साली निघाली आणि १९२६पासून तिने उपाहारगृहांना तारे देण्यास सुरुवात केली. १९२१ ते १९२८ या काळात क्युरनोन्स्की आणि मार्सेल रूफ यांनी प्रांतोप्रांती हिंडून तेथील पदार्थांची आणि खानावळींची नोंद करणारी 'ला फ्राँस गास्त्रोनोमिक' ही पुस्तकमाला लिहिली. आज ज्यांना प्रांतीय परंपरागत पदार्थ म्हणतात त्यांची यादी बऱ्याच अंशी या काळात पक्की झाली. यातील क्युरनोन्स्की हे नाव मौजेचे आहे. गृहस्थ आँजेचे फ्रेंच, मूळ नाव मोरिस एदमाँ साइयाँ. रशियाची चलती असताना 'का नाही?' या अर्थाच्या लॅटिन शब्दांना रशियन शेपूट जोडून त्यांनी टोपणनाव घेतले. फ्रान्सच्या मातीतल्या चवींचा सर्वांत मोठा भाट असा परक्याच्या वेषात वावरला, आणि १९२७ साली 'खवय्यांचा राजपुत्र' म्हणून त्यांचीच निवड झाली.

याच पिढीने पदार्थांना प्राचीनत्वही बहाल केले. लाँगदोकमधील 'कासुले' हा पांढऱ्या घेवड्याचा, डुकराचे मांस आणि बदक घालून तासन्‌तास शिजवलेला पदार्थ. त्याचा जन्म शतवर्षीय युद्धात, चौदाव्या शतकात, वेढ्यात सापडलेल्या कास्तेलनोदारी गावात झाला असे अभिमानाने सांगतात. पण हा घेवडा अमेरिकेचा आहे. कोलंबस निघण्यापूर्वी दीडशे वर्षे तो फ्रेंच मडक्यात शिजणे अशक्य होते. त्या काळी कोणी काही शिजवले असेल तर ते वालासारख्या जुन्या युरोपीय शेंगेचे. यावरून कासुले 'खोटा' ठरत नाही. तीन-चार पिढ्यांनी मन लावून शिजवलेला, तीन गावांनी ज्यावर हक्क सांगत भांडावे असा पदार्थ खराच असतो. खोटी ठरते ती फक्त त्याची जन्मपत्रिका.

परदेशी लेखकांच्या शोधाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ए. जे. लीब्लिंग हा अमेरिकन पत्रकार १९२६-२७मध्ये सॉर्बोनमध्ये शिकण्यासाठी पॅरिसला गेला आणि प्रत्यक्षात लहानमोठ्या रेस्टॉरंटांत शिकला. १९६२च्या पुस्तकात त्याने मांडलेला विचार मार्मिक आहे. खाणे शिकायला पैसे लागतात, पण फार पैसे असले तर माणूस शिकत नाही. आज स्वस्त भाग मागवून उद्यासाठी दोन पैसे राखणारा विद्यार्थीच यादीतले साधे पदार्थ वाचायला शिकतो, श्रीमंत प्रवासी थेट महागड्या ओळीवर बोट ठेवतो. ज्युलिया चाइल्डने ३ नोव्हेंबर १९४८ रोजी फ्रान्समध्ये पाऊल ठेवले आणि त्याच दिवशी रूआँमधील एका जुन्या रेस्टॉरंटात 'सोल म्युनिएर' खाल्ला. मासा, पीठ, लोणी, लिंबू एवढाच तो प्रकार. पुढे १९६१मध्ये तिने दोन फ्रेंच सहलेखिकांबरोबर जो ग्रंथ लिहिला, त्यात फ्रेंच घरांतून न बोलता चालत आलेल्या कितीतरी गोष्टी तपशिलाने लिहाव्या लागल्या : लोणी किती तापवायचे, मासा किती कोरडा करायचा. परक्याने विचारले म्हणून ज्ञान शब्दबद्ध झाले. आपल्या भाषेचे व्याकरण परभाषकाला शिकवताना आपल्यालाच नव्याने कळते, तसे हे आहे.

मात्र रेस्टॉरंटच्या यादीतील स्वातंत्र्य सर्व परक्यांना सारखे लाभले नाही. गांधीजी तरुणपणी लंडनहून पॅरिसचे प्रदर्शन पाहायला गेले, तेव्हा ऐकून माहीत असलेल्या एका शाकाहारी उपाहारगृहात खोली घेऊन राहिले, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. शेकडो नावांच्या त्या विख्यात यादीत त्यांच्यासारख्यासाठी फारच थोडे होते. शिवाय टेबलापाशी बसलेल्या परक्याखेरीज दुसराही एक परका या इतिहासात सतत आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९२९च्या सुमारास पॅरिसमध्ये भांडी घासण्याचे काम केले आणि १९३३च्या पुस्तकात स्वयंपाकघरातील उतरंड टिपली. आचारी फ्रेंच, वाढपी इटालियन किंवा जर्मन, आणि तळाशी भांडी घासणारे नाना देशांचे. आज या तळात आफ्रिकेतील माली आणि सेनेगालचे लोक आहेत, यादवी युद्धाच्या काळात श्रीलंकेतून आलेले तमिळ आहेत, आणि त्यांतले अनेक तळातून वर चढून चुलीपाशी पोचले आहेत. २००८मध्ये पॅरिस परिसरातील रेस्टॉरंटांत काम करणाऱ्या कागदपत्रहीन कामगारांनी संप केला, तेव्हा 'परंपरागत' जेवण कोणाच्या हातचे आहे हे गिऱ्हाइकांनाही दिसले.

पदार्थांतील जिन्नसांची गोष्टही याहून फार वेगळी नाही. बर्गंडीच्या नावाने मिळणाऱ्या गोगलगाई आज बहुतांशी पूर्व युरोपातून येतात. बेडकांच्या तंगड्यांचा मोठा पुरवठादार तर एके काळी भारत होता. शेतांतले बेडूक नाहीसे होऊन कीटक वाढू लागल्याची चिंता उत्पन्न झाली, आणि १९८७मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली. त्यानंतर ती जागा इंडोनेशियाने घेतली. आपल्याकडील भातखाचरांतील पावसाळी आवाज आणि पॅरिसच्या टेबलावरील लसूण-लोण्याचा वास यांच्यात असा एक विस्मृत दुवा आहे.

२०१०मध्ये युनेस्कोने 'फ्रेंचांचे सुग्रास भोजन' मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातले. हा मान कोणत्याही पदार्थाला किंवा रेस्टॉरंटाला मिळाला नाही हे सहसा विसरले जाते. जन्म, विवाह, पुनर्भेट अशा प्रसंगी आप्तांनी एकत्र बसून क्रमाक्रमाने घ्यायच्या जेवणाचा तो गौरव आहे. म्हणजे ज्याला वारसा म्हटले ते घराच्या टेबलाशी आहे, आणि त्या टेबलाशी परक्याला आमंत्रणाशिवाय जागा नाही. १७७०मध्येही नेमकी हीच स्थिती होती. रेस्टॉरंटात त्याला मिळते ते त्या घराचे भाषांतर. भाषांतर म्हटल्यावर त्यात घट-वाढ आलीच, चांगले-वाईट आलेच. कारखान्यातून पिशवीबंद आलेला रस्सा गरम करून 'परंपरागत' म्हणून वाढणारी रेस्टॉरंटे फ्रान्समध्ये इतकी वाढली, की जागेवर शिजवलेल्या पदार्थाला 'घरी केलेले' असे चिन्ह लावण्याचा कायदा २०१४मध्ये करावा लागला. घर नसलेल्यांसाठी निर्माण झालेल्या संस्थेला घराची ग्वाही द्यावी लागली.

म्हणून 'हा पदार्थ अस्सल आहे का?' या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. तो कोणी शिजवला, कोणाचे गाव सोडून तो येथवर आला, त्याचे नाव कोणी आणि कोणासाठी ठेवले, हे विचारले तर पान बोलू लागते. १९६२मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. तेथून आलेल्या वसाहतकारांनी आणि आधीपासून येत असलेल्या कामगारांनी कुसकुस फ्रान्समध्ये रुजवला. आज तो साध्यासुध्या कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटातही मिळतो आणि लोक तो आवडीने खातात. २०२०मध्ये युनेस्कोच्या यादीत तो गेला तो अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांच्या नावावर. पण पॅरिसमधल्या कित्येक रेस्टॉरंटांत, खडूने लिहिलेल्या त्या काळ्या फळ्यावर, शुक्रवारचा पदार्थ म्हणून त्याचे नाव असते, आणि खालच्या ओळीत ब्रांदाद.